वॉटर कूलिंगचे भाग कोणत्या प्लास्टिकचे करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी प्रोसेसरच्या वॉटर ब्लॉकचं (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा तांब्याचा ठोकळा) वरचं झाकण आणि टाकीसकट डिस्ट्रो प्लेट (पाण्याचे मार्ग आत कोरलेली जाड पाटी), हे दोन भाग तुम्हाला छोट्या सीएनसी मशीनवर स्वतः करायचे आहेत. हाताशी ॲक्रिलिक, ॲसिटल, पॉलिकार्बोनेट आणि नायलॉन आहे, शिवाय थ्रीडी प्रिंटरही आहे. यातलं काय कुठे वापरावं, आणि जास्त उष्णता सोसणारं एखादं खास प्लास्टिक शोधावं का?

आधी उत्तर सांगतो. ब्लॉकच्या झाकणाला ॲसिटल, शक्यतो कोपॉलिमर जातीचं. डिस्ट्रो प्लेटला कास्ट ॲक्रिलिक. नायलॉन पाण्याच्या बाजूला अजिबात नको. पॉलिकार्बोनेट या दोन्ही कामांना नको. प्रिंट केलेले भाग ब्रॅकेट, क्लिपा आणि पंपाच्या बैठकीसाठी ठेवा. आता कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण ती कळली की उद्या वेगळं एखादं प्लास्टिक हाताशी आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

उष्णतेची काळजी बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त करतात. प्रोसेसर ८०-९० अंशांवर पोचलेला दिसतो म्हणून ब्लॉकमधलं पाणीही तेवढंच तापत असेल असं वाटतं. पण हिशेब करून बघा. ३०० वॉट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर प्रवाह धरला, तर ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम १ अंशाने तापतं. म्हणजे पूर्ण लूपमध्ये, पाण्याच्या सगळ्या बंद फेऱ्यात, पाण्याचं तापमान जवळपास सारखंच असतं, आणि ते खोलीपेक्षा १०-१५ अंशांनी वर, म्हणजे साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास. बहुतेक पंपांची स्वतःची मर्यादाच ६० अंशांच्या घरात असते. ॲक्रिलिक १०५ अंशांच्या जवळपास मऊ पडायला लागतं, ॲसिटल १६५ ते १७५ ला वितळतं. त्यामुळे रोजच्या वापरात यांपैकी कोणीही उष्णतेने हरत नाही. पंप बंद पडला तर ब्लॉकमधलं साचलेलं पाणी झपाट्याने तापतं, हा एकच प्रसंग खरा धोक्याचा. तेव्हासुद्धा ही दोन बहुधा टिकतात. पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची नळी मात्र टिकेलच असं नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

पाण्याचा दाबही फार नसतो. या कामात चालणारे पंप ४-५ मीटर उंचीपर्यंत पाणी चढवतील एवढ्याच ताकदीचे, म्हणजे ०.४ ते ०.५ बार. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट हवा असते.

मग प्लास्टिकचे भाग फुटतात कशाने? मी आजवर तडकलेले जेवढे भाग हातात घेऊन पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट एकच होती: कुठेतरी कायमचा ताण होता, त्या ताणलेल्या जागेला न मानवणारं काहीतरी लागलं, आणि पुढचं काम वेळेने केलं. ताण फिटिंग (नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) आवळल्याचा असेल, स्क्रूचा असेल, किंवा मशीनवर कापताना आतच राहून गेलेला असेल. लागलेली वस्तू बहुधा निरुपद्रवी वाटणारी असते. पुसायचं अल्कोहोल, स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉकर, आटे पाडताना वापरलेलं कटिंग ऑइल. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या असताना काही होत नाही. एकत्र आल्या की प्लास्टिकच्या साखळ्यांमध्ये तो द्रव शिरतो, त्या एकमेकींवरून सरकतात, आणि केसापेक्षा बारीक रेषा उमटायला लागतात. याला क्रेझिंग म्हणतात. रेषेचा तडा व्हायला कधी दिवस लागतात, कधी महिने.

हे एकदा डोळ्यांनी पाहाच. ॲक्रिलिकच्या ३ मिमी जाडीच्या पत्र्याची बोटाएवढी पट्टी घ्या, लेझरने कापलेली असेल तर उत्तम. चष्मा लावा. दोन टोकांना आधार देऊन मधोमध क्लॅम्पने हलकासा बाक द्या आणि बाकाच्या बाहेरच्या, म्हणजे ताणलेल्या बाजूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा ठेवा. थोड्याच वेळात पृष्ठभागावर चांदीच्या तारांसारख्या आडव्या रेषा चमकायला लागतात. सगळ्या ताणाच्या दिशेला काटकोनात. पट्टी तिरकी धरली की दिसतात, सरळ धरली की नाहीशा होतात. शेजारी तशीच दुसरी पट्टी न वाकवता ठेवा आणि तिच्यावरही बोळा ठेवा. मधल्या भागात काहीच होणार नाही. झालंच तर लेझरने भाजलेल्या कडेला होईल, कारण ताण तिथे आधीच बसलेला असतो.

मी पहिल्यांदा हे प्रयोगात पाहिलं नाही, स्वतःच्या टाकीवर पाहिलं. सुंदर जमून आलेली टाकी होती. फिटिंग पान्याने आवळली, रात्री बोटांचे ठसे घालवायला अल्कोहोलने पुसली आणि ठेवून दिली. सकाळी प्रत्येक भोकाभोवती रेषांचा पुंजका उमटला होता. पाण्याचा एक थेंबही अजून आत गेलेला नव्हता. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर ॲक्रिलिकसाठी फक्त कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, शेवटी डिस्टिल्ड पाण्याची खळखळ. दुसरं काही नाही.

आता एकेका प्लास्टिककडे येतो. ॲक्रिलिकवर जास्त लिहितो, कारण प्लेट तुम्ही त्याची करणार आहात आणि घरच्या कारागिरीत सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

ॲक्रिलिक दोन प्रकारचं मिळतं, कास्ट आणि एक्स्ट्रूडेड. एक्स्ट्रूडेड स्वस्त, जाडीला एकसारखं, पण त्याच्या साखळ्या लहान असतात आणि पत्रा ओढून काढताना आत ताण राहतो. कापताना ते लवकर मऊ होतं, कटरला चिकटतं, आणि द्रवांना लवकर बळी पडतं. कास्ट ॲक्रिलिकची जाडी थोडी कमीजास्त भरते, ते मोजून घ्यावं लागतं, पण मशीनिंग आणि आट्यांसाठी तेच हवं. ओळखायची सोपी खूण म्हणजे कापताना पडणारा कचरा. कास्टचे कोरडे, पांढरे, भुरभुरीत कण पडतात. एक्स्ट्रूडेडचे धागे निघतात आणि गोळा होऊन बसतात.

कटर धारदार आणि एकाच धारेचा घ्या, कचरा हवेने उडवत राहा. पाण्याच्या मार्गांचे आतले कोपरे तळाशी काटकोनात सोडू नका. टोकाला १ मिमी त्रिज्या असलेला कटर वापरला तर तळाचा कोपरा गोल येतो आणि ताण एका रेषेत गोळा होत नाही. बाहेरच्या कडा आगीच्या झोताने चमकवायचा मोह होतो, पण तो टाळा. झोताने वरचा पातळ थर वितळतो आणि आकसत थंड होतो, म्हणजे आपणच त्याच्यात ताण भरतो. घासून पॉलिश करा. वेळ जातो, पण कड टिकते.

मशीनिंग झाल्यावर भाग ॲनील करणं, म्हणजे आतला ताण घालवायला तापवून सावकाश थंड करणं, ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका. ओव्हनमध्ये ८० अंशांवर ठेवायचं. वेळेचा ढोबळ हिशेब म्हणजे जाडीच्या मिलिमीटरना तीनने भागून येतील तितके तास, आणि २ तासांपेक्षा कमी नाही. २० मिमीच्या प्लेटला ६-७ तास. मग सावकाश थंड करायचं, तासाला १५ अंशांपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही. दार उघडून बाहेर काढलं तर सगळी मेहनत वाया, कारण बाहेरचा थर आधी आकसतो आणि ताण परत बसतो. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घरगुती ओव्हन १५-२० अंशांनी सहज चुकतो, आणि १०० च्या पुढे गेलात तर प्लेट वाकेल. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं तो या कामाला घेऊ नये. हे सगळं आटे पाडून झाल्यावर, पण ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि फिटिंग बसवण्याआधी करायचं.

आट्यांचं जरा थांबून सांगतो. वॉटर कूलिंगची फिटिंग ‘जी १/४’ (G1/4) मापाच्या आट्यांची असतात. हे समांतर आटे आहेत, इंचाला १९, बाहेरचा व्यास साधारण १३.१६ मिमी. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवण्याआधीचं भोक ११.८ मिमीचं. समांतर आटे फिटिंगला फक्त धरून ठेवतात. पाणी अडवण्याचं काम कॉलरखालची ओ-रिंग करते. हे नीट लक्षात घेतलं की फिटिंग किती आवळायचं हा प्रश्नच उरत नाही. ओ-रिंग दबून कॉलर टेकली, बोटांनी आणखी थोडं, बस. त्यापुढचा प्रत्येक अंश प्लास्टिकला फाडायच्या दिशेने जातो. प्लंबिंगच्या सामानात मिळणारी निमुळत्या आट्यांची फिटिंग इथे कधीच लावू नका. आकार दिसायला जवळचा असतो, पण निमुळता आटा पाचरीसारखा काम करतो आणि भोकाला आतून बाहेर रेटत राहतो. धातूला ते चालतं. ॲक्रिलिकला नाही. टेफ्लॉन टेपही याच कारणाने नको, समांतर आट्यांना तिची गरज नसते.

टॅप नवा घ्या. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. वंगण म्हणून साबणाचं पाणी. भोकाच्या तोंडाला आधी छोटा चॅम्फर (तिरका काप) द्या, म्हणजे पहिला आटा वर उचलला जात नाही. आणि भोकापासून प्लेटच्या कडेपर्यंत निदान १० मिमी भरीव माल ठेवा.

ॲसिटलबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. मशीनखाली ते लोण्यासारखं कापलं जातं, कचरा लांब, स्वच्छ, पांढऱ्या फिती होऊन निघतो, आटे सुबक येतात. अल्कोहोल, ग्लायकॉल, तेल, यांपैकी कशानेही त्याला क्रेझिंग होत नाही. पाणी फारच कमी शोषतं, पूर्ण भिजलं तरी वजनाच्या १ टक्क्याच्या आत. म्हणूनच ब्लॉकच्या झाकणाला ते सर्वांत योग्य. तिथे चारही कोपऱ्यांत दाब, मधोमध ओ-रिंग, खाली तापणारं तांबं, आणि वर दोन फिटिंग अशी सगळ्या बाजूंनी ओढाताण असते, आणि ॲसिटल ती निमूट सोसतं. ते पारदर्शक नसतं ही एकच उणीव.

ॲसिटलमध्येही दोन जाती आहेत. होमोपॉलिमर, ज्याचं डेलरिन हे मूळचं ड्यूपाँचं व्यापारी नाव सगळ्यांना माहीत आहे, ते थोडं कडक आणि ताकदवान. पण जाड पट्टी किंवा रॉडच्या मधोमध त्यात सूक्ष्म पोकळ्या असतात. पांढरा रॉड आडवा कापला की मध्यभागी फिकट ठिपका किंवा रेघ दिसते, ती तीच. बेअरिंगला याने काही बिघडत नाही. आपल्याला मात्र पाणी अडवायचं आहे, आणि ओ-रिंगची खाच त्या रेघेवर आली तर पोकळ्यांमधून ओल झिरपू शकते. कोपॉलिमरमध्ये हा दोष फार कमी असतो, शिवाय ते गरम पाणी आणि अल्कली जास्त चांगलं सोसतं. ताकदीतला फरक आपल्या कामात जाणवत नाही. म्हणून कोपॉलिमर. काळं की पांढरं हा बहुतांशी दिसण्याचा प्रश्न आहे.

ॲसिटलचा एक खरा शत्रू आहे, क्लोरीन. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असंख्य घरांत पॉलिब्युटिलीनच्या पाण्याच्या नळ्या बसवल्या गेल्या आणि त्यांच्या जोडण्या पुष्कळदा ॲसिटलच्या होत्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्या जोडण्या हळूहळू ठिसूळ होऊन फुटत गेल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९५ मध्ये मोठी सामुदायिक तडजोड झाली. आपल्या लूपमध्ये डिस्टिल्ड पाणी किंवा तयार कूलंट असतं, त्यामुळे ही वेळ येत नाही. पण शेवाळ मारायला ब्लीच टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. तीव्र आम्लही नको.

ॲसिटलच्या पट्टीतही आतला ताण असतो, तो वेगळ्या पद्धतीने दिसतो. एका बाजूने बराच माल काढला की तुकडा केळीसारखा वाकतो. आधी सगळीकडून अर्धा मिलिमीटर माल ठेवून कच्चं काम करा, क्लॅम्प सोडून तुकडा एक दिवस मोकळा ठेवा, मग शेवटचा हात फिरवा. ओ-रिंगची बाजू सपाट राहायची असेल तर याला पर्याय नाही. आणि ॲसिटलला गोंद धरत नाही, म्हणून जोडकाम स्क्रूनेच आखा. ते जाळून बघायच्या भानगडीत तर पडूच नका. ते जळताना फॉर्माल्डिहाइड सोडतं आणि ज्योत इतकी फिकट असते की उजेडात दिसत नाही.

पॉलिकार्बोनेट हातोड्याने फुटत नाही, म्हणून लोक ते ॲक्रिलिकपेक्षा श्रेष्ठ समजतात. ठोसा सोसण्यात ते श्रेष्ठ आहेच. पण ताण आणि रसायन एकत्र आलं की ते ॲक्रिलिकइतकंच दुबळं ठरतं, आणि आट्यांच्या बारीक खाचा ते फार मनाला लावून घेतं. थ्रेडलॉकरचा एक ओघळ खाली आला तर स्क्रूभोवती तडे जायला वेळ लागत नाही. अल्कलीयुक्त द्रव आणि अमाइन असलेले गंजरोधक त्याला खातात. अनेक कूलंटमध्ये नेमकं काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. अशा ठिकाणी मी पॉलिकार्बोनेट घालत नाही. कॅबिनेटच्या खिडकीला, पंख्याच्या जाळीला खुशाल वापरा.

नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजलं की वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी शोषतं आणि लांबीने दोनेक टक्के वाढतं. ६० मिमीच्या झाकणात हे मिलिमीटरहून जास्त झालं. ओ-रिंगची खाच, स्क्रूची भोकं, सगळं जागचं हलणार. मोटारीच्या रेडिएटरच्या टोकाच्या टाक्या नायलॉनच्या असतात ना, असं कोणी विचारेल. असतात, पण त्या काचतंतू घातलेल्या नायलॉन ६६ च्या, कूलंटसाठी मुद्दाम तयार केलेल्या, साच्यात ओतलेल्या. तुमच्या हातातली साधी पांढरी पट्टी ती नव्हे. कारखान्यात बनणाऱ्या पंपांत काचतंतू घातलेलं पीपीएस हे प्लास्टिक दिसतं, ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि आकाराला पक्कं राहतं. पण घरच्या मशीनवर ते कापायला कठीण, ठिसूळ, आणि काचेची धूळ उडवणारं. त्याच्या वाटेला जायची गरज नाही. पीईक हे प्लास्टिकही तसंच, उत्तम पण या कामाला अवाजवी महाग.

आता प्लेटच्या रचनेकडे. दाब कमी असतो असं वर म्हटलं, पण दाब गुणिले क्षेत्रफळ हे विसरू नका. समजा टाकीचा भाग २०० बाय १०० मिमी आहे. ०.५ बार दाबाला त्या झाकणावर जवळपास १००० न्यूटन जोर येतो, म्हणजे १०० किलो वजन ठेवल्यासारखा. चालू लूपमध्ये टाकी पंपाच्या ओढीच्या बाजूला असते म्हणून तिथे एवढा दाब कधी येत नाही. येतो तो गळती तपासताना, जेव्हा आपण सगळ्या लूपमध्ये सारखी हवा भरतो. प्लेटच्या आयुष्यातला सर्वांत जड दिवस तोच. म्हणून झाकण १० मिमीपेक्षा पातळ नको, स्क्रू २५-३० मिमी अंतरावर, आणि रुंद टाकीच्या मधोमध एक-दोन खांब ठेवून त्यांतही स्क्रू द्या.

स्क्रूचं डोकं खालून सपाट असलेलं घ्या आणि खाली वॉशर घाला. शंकूसारख्या डोक्याचे स्क्रू पृष्ठभागाशी एकजीव बसतात, दिसतात छान, पण त्यांची पाचर होते. स्क्रूचे आटे थेट ॲक्रिलिकमध्ये न पाडता पितळी इन्सर्ट किंवा मागून नट दिला तर भाग पुन्हा पुन्हा उघडता येतो. ओ-रिंगची दोरी २ मिमीची असेल तर खाच १.५ मिमी खोल आणि २.६ मिमीच्या आसपास रुंद ठेवा. दोरी पाव हिश्शाने दबते आणि तिला पसरायला जागाही उरते. खाच उथळ ठेवून स्क्रू जास्त आवळणं हा उपाय नव्हे, त्याने झाकणच वाकतं.

प्रसरणाकडेही बघा. ॲक्रिलिक दर अंशाला मीटरमागे ०.०७ मिमी वाढतं, पोलाद ०.०१२. ४०० मिमी लांब प्लेट कॅबिनेटच्या पत्र्यावर पक्की बांधली आणि २० अंशांनी तापली, तर दोघांत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. एका टोकाचं भोक नेमकं ठेवा, बाकीची लांबट करा. प्लेटला हलायला जागा मिळाली की हा ताण उरतच नाही. ब्लॉकमध्ये ॲसिटल आणि तांबं यांचा फरक ६० मिमीला दशांश मिलिमीटरच्या आसपास, तो ओ-रिंग सहज सांभाळून घेते. मात्र प्रोसेसरवर ब्लॉक दाबणारा जोर प्लास्टिकवर टांगू नका. त्याला पोलादी ब्रॅकेट द्या, कारण कायमच्या दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसतं आणि दाब कमी होत जातो.

नळ्या आणि रिंगांचं थोडक्यात. ओ-रिंग ईपीडीएम किंवा नायट्राइल रबराची, दोन्ही ग्लायकॉलला चालतात. ईपीडीएमला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, ते फुगतं. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पारदर्शक मऊ नळी पीव्हीसीची असते आणि तिचा मऊपणा मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे येतो. गरम पाण्यात तो हळूहळू बाहेर येतो, नळी ढगाळ होते, आणि ब्लॉकमधल्या तांब्याच्या बारीक पात्यांत पांढरट चिकट थर बसतो. वर्षानुवर्षं न उघडता चालवायचं असेल तर काळी ईपीडीएम नळी घ्या. कडक नळ्यांत पीईटीजी चिवट, पण ८० अंशांच्या आसपास मऊ पडणारं, आणि कम्प्रेशन फिटिंगच्या रिंगखाली त्याआधीच दबायला लागतं. ॲक्रिलिकची नळी ठिसूळ पण उष्णतेला पक्की. पंप बंद पडल्यावर मशीन आपोआप बंद व्हायची सोय केलेली नसेल तर मी ॲक्रिलिक घेईन.

प्रिंटरबद्दल तुम्ही आवर्जून विचारलंय. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, ५५-६० अंशांना ढिलं पडतं आणि त्याच्या कितीतरी आधी ताणाखाली सरकायला लागतं, म्हणून ते ब्लॉकच्या जवळपासही नको. पीईटीजी किंवा एबीएसचं प्रिंट थरांमधल्या फटींतून पाझरतं. जाड भिंती, जास्त तापमान, वरून इपॉक्सीचा लेप, हे सगळं करून थोडे दिवस पाणी थांबवता येतं, पण आट्यांपाशी थर सुटतात आणि तिथे लेप कामाला येत नाही. प्लेट कापण्याआधी फिटिंग आणि पाण्याचे मार्ग तपासायची प्रतिकृती काढायला मात्र प्रिंटर अनमोल आहे. ४० तासांचं मशीनिंग करण्याआधी एक प्रिंट काढून पंप बसतो का, नळी वळते का, स्क्रूला की पोचते का, हे बघून घ्या.

भाग तयार झाला की ताण बघायची एक सोपी युक्ती आहे. एलसीडी मॉनिटरवर कोरा पांढरा पडदा लावा, त्याचा उजेड ध्रुवीकृत असतो. ध्रुवीकृत काचांचा गॉगल किंवा कॅमेऱ्याचा तसा फिल्टर डोळ्यांपुढे धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मग प्लेट मधे धरा. जिथे ताण आहे तिथे उजळ पट्टे दिसतात. पॉलिकार्बोनेट आणि पीईटीजीत ते इंद्रधनुष्यासारखे रंगीत, ॲक्रिलिकमध्ये बरेच फिके, त्यामुळे खोली अंधारी हवी. आटे पाडलेल्या टाकाऊ तुकड्यावर फिटिंग हाताने लावून बघा, मग पान्याने अर्धा फेरा आणखी आवळून बघा. भोकाभोवतीचं कडं उजळताना प्रत्यक्ष दिसेल. ॲनील करण्याआधी आणि नंतर एकेक फोटो काढून ठेवा.

शेवटी गळतीची तपासणी. सगळे स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने, ॲलन कीचं लांब टोक स्क्रूत घालून आणि आखूड टोक दोन बोटांत धरून फिरवा. दाबमापक असलेल्या हातपंपाने ०.४ ते ०.५ बार हवा भरा, कम्प्रेसर लावू नका. दाबलेल्या हवेने फुटलेलं ॲक्रिलिक तुकडे उडवतं, म्हणून चष्मा घाला आणि प्लेटवर जाड टॉवेल टाका. अर्धा तास काटा हलला नाही तर पाणी भरा आणि कॉम्प्युटरला वीज न देता नुसता पंप २४ तास चालवा, खाली कोरडा टिशू पेपर अंथरून. आठवड्याने स्क्रू पुन्हा त्याच पद्धतीने, तेवढ्याच जोराने तपासा. एक-दोन स्क्रू पाव फेऱ्याने फिरतील. तेवढं प्लास्टिक दाबाखाली बसतंच. महिन्याने पुन्हा फिरले तर मात्र झाकण उघडून ओ-रिंगच्या खाचेची खोली मोजा.